सुटून गेलेल्यांची मोजदाद

‘वलगण’ हा शब्द शहरी मराठीत आता फारसा ऐकू येत नाही. ठाणे-रायगडच्या गावांत मात्र तो अजून जिवंत आहे. मृगाचा दणकट पाऊस पडला, ओढ्यांना लाल पाणी आले आणि ते नदीला जाऊन मिळाले, की नदीतले मासे त्या पाण्याचा माग काढत उलटे निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पऱ्ह्यात आणि तिथून भाताच्या खाचरात. मादीच्या पोटात गाभोळी असते आणि ती उथळ, नव्या, शेवाळ-किडे भरपूर असलेल्या पाण्यात सोडायची असते. या चढण्याला वलगण म्हणतात. तळकोकणात याच माशांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. शब्द वेगळे असले तरी दोन्हींचा वापर बहुतेक वेळा जेवणाच्या संदर्भातच होतो. ‘यंदा वलगणीचे मिळाले का?’ हा जूनमधला नेहमीचा प्रश्न. किती मिळाले याच्या कहाण्या पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. किती वर गेले, हे कुणी कुणाला विचारत नाही.

हा लेख त्या वर गेलेल्यांविषयी आहे.

वांगणी हे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरचे, बदलापूर आणि शेलूच्या मधले स्टेशन. मुंबईकरांना ते ठाऊक असते ते आकाशदर्शनामुळे. खगोलप्रेमी मंडळी अमावास्येच्या सुमारास रात्रीची लोकल पकडून इथे तारे बघायला येतात. मी या गावात तीस वर्षे राहते आणि त्या मंडळींच्या अगदी उलट, खाली बघते. बारावीनंतर शिक्षण सुटले, उल्हासनगरच्या एका कारखान्यात हिशेबाच्या वह्या लिहिल्या, आणि माशांचे जे काही शिकले ते जुन्या पुस्तकांतल्या चित्रांवरून, वाडीवरच्या बायकांकडून आणि ओढ्यात उभे राहून. तेव्हा या लेखात विद्यापीठाची भाषा सापडली नाही तर वाचकांनी आश्चर्य मानू नये. हिशेबाची मात्र सवय आहे.

प्रथम भूगोल. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून उल्हास नदी कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर अशी उत्तरेकडे येते आणि कल्याणपाशी खाडीच्या पाण्याला भेटते. वांगणीच्या पश्चिमेला चंदेरी, नाखिंद, पेब, माथेरान ही डोंगररांग आहे, नदी पूर्वेला, आणि या दोहोंच्या मधून रेल्वे जाते. म्हणजे डोंगरावरून नदीकडे येणारा प्रत्येक ओढा रुळांखालून वाहतो. कल्याणहून पळसदरी-खोपोलीकडे जाणारा हा मार्ग १८५६ साली सुरू झाला. तेव्हापासून नदीतून डोंगराकडे चढणाऱ्या प्रत्येक माशाला रेल्वेच्या मोरीतून जावे लागते. नंतर रस्त्यांच्या मोऱ्या आल्या, त्याही ओलांडाव्या लागतात. माझी मोजदाद चालते ती अशाच एका रस्त्याच्या मोरीपाशी. जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत शेजारच्या शेतातली एक पत्र्याची खोप माझा तळ असतो. त्यात एक खाट, स्टोव्ह, कंदील, दोन बादल्या आणि टिपणवह्या.

ही मोजण्याची कल्पना माझी नव्हे. ती सॅमनवाल्यांची.

सॅमन हा मासा आपल्याकडे नाही. मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो ताटात येतो तो रावस; त्याचे खऱ्या सॅमनशी दूरचेही नाते नाही. इंग्रज साहेबांनी आपल्या नद्यांतल्या महसीरलाही भारतातला सॅमन म्हणून गौरवले, कारण गळाला लागल्यावर तोही तसाच झुंजतो. घरच्या आठवणीने दिलेली ही नावे. खरा सॅमन उत्तरेकडच्या थंड नद्यांत जन्मतो, पोरवयात समुद्रात जातो, तिथे वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्या जन्माच्या नदीत, पुष्कळदा नेमक्या त्याच ओढ्यात, परत येतो. हे त्याला जमते कसे? १९५१ साली हॅसलर आणि विस्बी या दोघांनी सुचवले की प्रत्येक ओढ्याच्या पाण्याला तिथल्या मातीचा आणि झाडोऱ्याचा म्हणून एक वास असतो आणि पिल्लाच्या मनावर तो कायमचा उमटतो. पुढच्या प्रयोगांनी हे बरेचसे खरे ठरले. पॅसिफिक किनाऱ्याचे सॅमन अंडी घातल्यावर मरतात. परतीचा प्रवास एकदाच होतो.

अलास्कात या परतणाऱ्या माशांची मोजणी हा सरकारी उपक्रम आहे. दर उन्हाळ्यात दोन-चार माणसांच्या तुकड्या छोट्या विमानांतून दूरच्या नद्यांवर उतरतात, तंबू किंवा लाकडी खोल्यांत दोन महिने राहतात आणि मासे मोजतात. कुठे नदीत आडवे कुंपण घालून एकच फट ठेवतात आणि त्या फटीतून जाणारा एकेक मासा मोजतात. कोडियाक बेटावरच्या कार्लुक नदीवर असे कुंपण १९२१पासून आहे. कुठे पाण्यात ध्वनिलहरी सोडणारे यंत्र बसवतात. ब्रिस्टल उपसागराला मिळणाऱ्या नद्यांवर १९५०च्या दशकापासून काठावर मनोरे आहेत. पाणी नितळ असते, तळाशी पांढऱ्या पट्ट्या अंथरलेल्या असतात आणि मनोऱ्यावरचा माणूस दर तासाला दहा मिनिटे खाली बघून त्या पट्ट्यांवरून जाणाऱ्या सावल्या मोजतो. मग पलीकडच्या काठावर दहा मिनिटे. आलेल्या आकड्याला सहाने गुणायचे, की तासाचा अंदाज मिळतो. अशी मोजणी रात्रंदिवस चालते. २०२२ साली ब्रिस्टल उपसागरात सुमारे ७ कोटी ९० लाख सॅमन परतले, हा आकडा निघतो त्यातला मोठा भाग या दहा-दहा मिनिटांतून.

मला या सगळ्यात भावला तो त्यांचा एक शब्द. जाळ्यांतून निभावून जे मासे अंडी घालायला वर पोचतात त्यांच्या संख्येला इंग्रजीत ‘एस्केपमेंट’ म्हणतात. मराठीत मी त्याला ‘सुटलेले’ म्हणते. तिथले मत्स्यखाते नदीनदीसाठी ठरवते की निदान इतके मासे सुटलेच पाहिजेत. मनोऱ्यावरचा आकडा रोज कळवला जातो. आकडा मागे पडत असेल तर खाली समुद्रतोंडाशी जाळी थांबवतात, पुरेसा झाला की पुन्हा सोडतात. म्हणजे मासेमारी किती करायची हे ठरते ते न पकडलेल्या माशांवरून. माझ्यासारख्या खतावणी लिहिणाऱ्या बाईला हे लगेच पटले. आपण वर्षानुवर्षे फक्त जमेची बाजू लिहीत आलो. शिल्लक कुणी काढलीच नाही.

आता हीच रीत उल्हासच्या ओढ्यावर लावायची तर पहिल्याच दिवशी पंचाईत होते. वलगणीचे पाणी नितळ नसते. ते चहासारखे असते, आणि पहिल्या दिवशी तर गेरूसारखे. मी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फलक उलटा करून, पांढरी बाजू वर ठेवून, दगडांखाली दाबून पाहिला. वीतभर पाण्याखालीही तो दिसत नव्हता. शिवाय आपले चढणारे मासे हातभर लांब नसतात. बहुतेक बोटाएवढे, फार तर वितीएवढे. ते रात्री चढतात, पहाटे चढतात, पावसाची सर थांबल्यावर अर्धा तास थांबून एकदम चढतात.

म्हणून दहा मिनिटांचा नियम ठेवला आणि साधन बदलले. मोरीच्या वरच्या बाजूला ओढा अरुंद होतो. तिथे दगड लावून एक फट ठेवते आणि दर तासाला दहा मिनिटे त्या फटीत बांबूच्या कामट्यांचा सापळा बसवते, तोंड नदीकडे करून. दहा मिनिटे झाली की सापळा उचलायचा, बादलीत ओतायचा, जातीप्रमाणे मोजायचे आणि मासे फटीच्या वर सोडून द्यायचे. उरलेली पन्नास मिनिटे फट मोकळी. चार प्रहरांत निदान दोन प्रहर तरी हे झालेच पाहिजे, त्यातला एक रात्रीचा. पूर फार आला तर सापळा लावत नाही, वहीत ‘पाणी जास्त, मोजले नाही’ असे लिहिते. ही नोंद फार महत्त्वाची. शून्य मासे आणि न मोजलेले मासे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निम्म्या चुकीच्या समजुती या दोहोंच्या गल्लतीतून होतात.

नमुने घेण्याचे काम त्याहून चिवट. दर सापळ्यातले पहिले पाच मासे निवड न करता घ्यायचे. डोळा नेहमी मोठ्या आणि देखण्या माशाकडे जातो, म्हणून पहिले पाच. पन्हळीसारख्या अर्ध्या नळीत मोजपट्टी चिकटवली आहे, तीत मासा ठेवून लांबी घ्यायची. हात ओले हवेत, नाहीतर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला बुरशी लागते. पोट हलके दाबले तर मादीची गाभोळी किंवा नराचे पांढरे दूध दिसते, तेवढ्यावरून नर-मादी. आणि पाठीच्या पंखाखालून दोन-तीन खवले बोथट सुरीने काढून कागदी पाकिटात. पाकिटावर पेन्सिलीने लिहायचे, शाई पावसात पसरते.

खवले कशासाठी? झाडाच्या बुंध्यासारखी खवल्यावर वर्तुळे असतात. थंड देशात हिवाळ्यात मासा वाढत नाही, वर्तुळे दाटतात, आणि त्यावरून सॅमनचे वय, किती वर्षे नदीत काढली, किती समुद्रात, हे सगळे वाचता येते. आपल्याकडे असा हिवाळा नाही, त्यामुळे वाचन अवघड आहे. तरी अंडी घालण्याच्या काळात आणि उन्हाळ्यात पाणी आटल्यावर वाढ मंदावते, तिच्या खुणा राहतात. भिंगाखाली त्या मला दिसतात. त्यांवरून वर्षे मोजण्याचे धाडस मी अजून करत नाही. पाकिटे मात्र तारीखवार जपून ठेवते. पुढे कुणी जाणता आला तर त्याला आयती मिळतील.

वाडीवरची एक कातकरी आजी पहिल्या वर्षी हा खटाटोप बराच वेळ उकिडवी बसून बघत होती. मासे सोडताना पाहून तिला राहवले नाही.

“काय गं बाय, मोजून पोट भरतं का?”

“नाही भरत, आजी. पण पुढच्या वर्षी येतील की नाही ते कळेल.”

“ते पावसाला विचार,” ती म्हणाली. मग माझ्या वहीत चार जातींची नावे मला ठाऊक नव्हती ती तिने सांगितली.

नावांचा विषय निघालाच आहे तर थोडे आडवळण घेते, कारण या मासिकाच्या वाचकांना ते आवडेल. १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यात कर्नल साइक्स नावाचे अधिकारी दख्खनची पाहणी करत फिरले. भीमा, मुळा-मुठेच्या काठी त्यांनी मासे जमवले, भोई-कोळ्यांना नावे विचारली आणि १८३९नंतर लंडनमध्ये त्यांचे वर्णन छापताना बरीच मराठी नावे जशीच्या तशी लॅटिन नावांत बसवली. मळ्या हा दगडाला चिकटणारा मासा आज जगभर ‘गारा मुल्या’ म्हणून ओळखला जातो. शिंगटी ‘मिस्टस सींगटी’ झाली. महसीरची आपल्याकडची जात ‘टॉर खुद्री’, तिच्यात आपला खडरी हा शब्द लपला आहे. जपानमधला किंवा ब्राझीलमधला अभ्यासक या नावांचा उच्चार करतो तेव्हा त्याच्या नकळत तो एखाद्या भोयाचे मराठी बोलत असतो. ज्यांना विचारून ही नावे लिहिली त्यांची स्वतःची नावे मात्र कुठे नाहीत. त्याही आधी, बाराव्या शतकात, कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. तेव्हा मासे ओळखणे, वेगळे करणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. मोजणे तेवढे राहून गेले.

माझ्या सापळ्यात येतात ते मळ्या, खवली, दांडवण, मुऱ्या, शिंगटी. कधी वाम, कधी मरळ. शिवडा क्वचित. यांतला कुणीही सॅमनसारखा समुद्रातून येत नाही. नदीच्या डोहांतून काही किलोमीटर चढायचे, अंडी टाकायची आणि पाऊस ओसरताना परत उतरायचे, एवढाच त्यांचा प्रवास. मरायचीही सक्ती नाही; जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा. अंडी एक-दोन दिवसांत फुटतात, पिल्ले खाचरांच्या कोमट पाण्यात वाढतात आणि तिथे त्यांना खाणारे मोठे मासे कमी असतात. खरा समुद्रप्रवासी आपल्याकडे आहे तो आहेर, गोड्या पाण्यातला ईल. त्याचा उलटा कारभार. तो वाढतो नदीत आणि अंडी घालायला समुद्रात जातो. त्याची काडीएवढी पिल्ले खाडीतून वर चढत येतात. उल्हासात येणाऱ्या पिल्लाला कल्याणच्या खाडीतून यावे लागते, आणि तिथेच वालधुनी मिळते. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराला लागून वाहणारी ही नदी पुढे अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांचे आणि गटारांचे काय काय घेऊन जाते ते लोकलच्या दारात उभे राहणाऱ्यांना वासावरून ठाऊक आहे. जन्मओढ्याचा वास ओळखणाऱ्या सॅमनची गोष्ट वाचताना मला नेहमी वालधुनी आठवते.

आता मुख्य मुद्दा, मोरीचा.

मोरी बांधताना ओढ्याच्या तळाला काँक्रीटची लादी घालतात. खालच्या अंगाला पाणी आपटून आपटून माती उकरली जाते आणि दोन-चार पावसाळ्यांत लादीच्या टोकाला पायरी तयार होते. आधी बोटभर, मग वीतभर, मग हातभर. लादीवर पाण्याचा पातळ, वेगवान पदर वाहतो; मध्ये दगड नाही, डबके नाही, दम खायला जागा नाही. माणसाला ही पायरी दिसतसुद्धा नाही. माशाच्या दृष्टीने तो बंधारा असतो.

पण सगळ्या माशांना सारखाच नाही, हे मला वहीतून उमगले. पायरीच्या खाली आणि वर असे दोन्हीकडे मोजले तेव्हा खालच्या बादलीतल्या जाती आणि वरच्या बादलीतल्या जाती जुळेनात. मळ्या दोन्हीकडे असे. त्याच्या तोंडाखाली चकती असते, तिने तो ओल्या काँक्रीटला चिकटतो, सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. रात्री विजेरीच्या उजेडात भिंतीवर चिकटलेले मळ्ये बघणे हा एक सोहळाच असतो. खवली उडी मारते. वीतभर पायरी ती पार करते, त्याहून उंच असेल तर आपटत राहते. शिंगटी आणि दांडवण पायरीखालच्या डबक्यात गोळा होत. म्हणजे पायरी मासे नुसते अडवत नाही, निवडते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, ओढ्यात मासे चढतात की. चढतात, पण चिकटणारे.

आणि पायरीखाली गोळा झालेले मासे म्हणजे आयती शिकार. पूर्वी ओढाभर पसरून चढणारे मासे आता एका डबक्यात तासन् तास अडकतात. तिथे कुणी फेकजाळे टाकतो, कुणी मच्छरदाणी लावतो, आणि गेल्या काही वर्षांत बॅटरीचा झटका देणारेही येतात. झटक्याने हव्या त्या माशाबरोबर पिल्ले, बेडूक, चिंबोऱ्या सगळेच उलटे होते. स्फोटके आणि विष घालून मासे मारण्यावर १८९७च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. त्या कायद्यामागेही प्रजननाच्या काळातल्या नाशाची चिंता होती. फ्रान्सिस डे यांनी १८७३च्या आपल्या अहवालासाठी जागोजागच्या अधिकाऱ्यांना हेच विचारले होते की अंड्यावरचे मासे आणि पिल्ले किती मारली जातात. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तिच्या बातम्या येतात. गुडघाभर ओढ्याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

इथे एक सोपा उपाय लगेच सुचवला जातो: वलगणीच्या मासेमारीवर सरसकट बंदी घाला. फेसबुकवर दर जूनमध्ये हा सूर लागतो. मला तो मान्य नाही. कातकरी आणि ठाकर वाड्यांमध्ये जून हा रित्या हातांचा महिना असतो. वीटभट्ट्या बंद झालेल्या असतात, शेतीची मजुरी नीट सुरू व्हायची असते. अशा वेळी ओढा दारात मासे आणून देतो. ज्यांनी पायरी बांधली, पाणी नासवले, त्यांना सोडून टोपलीभर मासे नेणाऱ्या बाईला पकडणे हा न्याय नव्हे. बांबूचा सापळा फटीत बसतो, पण ओढ्याच्या दुसऱ्या अंगाने मासे जात राहतात. वाडीवरच्या जुन्या सापळ्यांतून पुष्कळ मासे सुटत. पायरीतून सुटत नाहीत.

याबाबत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातली एक हकीकत सांगण्यासारखी आहे. तिथल्या आदिवासी जमातींनी १८५४-५५ साली जमिनी सोडून देताना करार करून आपल्या नेहमीच्या जागी मासे धरण्याचा हक्क राखून ठेवला होता. १९७४ साली न्यायाधीश बोल्ट यांनी त्या कराराचा अर्थ लावून धरण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा जमातींचा ठरवला. पुढे जमाती पुन्हा न्यायालयात गेल्या: रस्त्यांच्या मोऱ्यांमुळे मासे वर चढतच नसतील, तर निम्मा वाटा कशाचा? राज्याने मोऱ्या बदलल्या पाहिजेत, असा निकाल खालच्या न्यायालयांनी दिला आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार मते पडल्याने तो कायम राहिला. तेव्हापासून त्या राज्यात मोऱ्या खोदून रुंद करण्याचे काम चालू आहे. मासे किती अडतात हे तिथे कुणीतरी मोजले होते, म्हणून हा वाद उभा राहू शकला.

आपल्याकडे २००६च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांमध्ये पाणसाठ्यांतल्या माशांचाही उल्लेख आहे. पण तो वनजमिनीपुरता. चंदेरीच्या जंगलातून ओढा बाहेर पडला, शेतांतून, प्लॉटांतून वाहू लागला, की तो कुणाचा हे सांगणे कठीण. माझ्या मोरीवर कातकऱ्यांचा हक्क कुठल्या कागदावर नाही. तिथल्या माशांचा आकडाही नव्हता. आता निदान तो एका वहीत आहे.

नदीवरचे मोठे अडथळे हा वेगळा विषय आहे. फराक्काचा बंधारा १९७५ साली सुरू झाल्यावर गंगेतली हिलसा वरच्या बाजूला जवळजवळ संपली, हे सर्वांना माहीत आहे. उल्हासवर बदलापूरचा बॅरेज आहे, त्यावर अंबरनाथ-बदलापूरची तहान भागते, आणि तो पाडा असे म्हणणारी मी नव्हे. उल्हास उन्हाळ्यातही वाहते त्याचे एक कारणही माणसाचेच आहे: आंध्रा धरणाचे पाणी घाटाखाली आणून १९२२पासून भिवपुरीला वीज करतात आणि ते पाणी पुढे या नदीत सोडतात. त्या पाण्याने डोह जिवंत राहतात आणि डोह राहतात म्हणून वलगणीला मासे उरतात. माणूस नदीचे नुकसानच करतो असे सरसकट म्हणता येत नाही, एवढ्यासाठी हे सांगितले.

कधी कधी सुचवतात की मासे कमी झाले तर बाहेरून बीज आणून सोडा. लोणावळ्याला वळवणच्या केंद्रात टाटांनी महसीरची पैदास केली, त्या कामाचे मोल आहेच. पण तिथली टॉर खुद्री कावेरीत सोडल्यावर तिथल्या मूळच्या कुबडाच्या महसीरची जागा तिने व्यापली, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. सॅमनच्या प्रदेशातही उबवणीतल्या माशांनी रानटी माशांचे काय केले यावर मोठा वाद आहे. तिथे उबवणीतल्या बऱ्याच माशांचा पाठीवरचा छोटा पंख कापून सोडतात, म्हणजे मोजणाऱ्याला ते ओळखू येतात. आपल्याकडे तिलापिया १९५२ साली आणला गेला, तो आज कुठल्याही डबक्यात सापडतो. बादलीत तिलापिया आला की मी तो वेगळ्या रकान्यात लिहिते. त्याचा रकाना भरत चालला आहे.

पावसाचे काय? आजी म्हणाली तसे त्यालाही विचारायला हवे. मुंबईत मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०१९ आणि २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, २०२५ मध्ये २६ मेला. त्या वर्षी मेअखेरच ओढ्याला पाणी आले, मासे चढले, आणि मग जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस थबकला. खाचरे अजून नांगरलेलीही नव्हती. चढलेले मासे आटत्या डबक्यांत राहिले आणि बगळ्यांची चंगळ झाली. दुसरी चढण जूनच्या उत्तरार्धात झाली, पण तिच्यात मोठ्या माद्या थोड्या होत्या. एका वर्षावरून निष्कर्ष काढायचा नसतो. म्हणून तर वही सलग हवी. २७ जुलै २०१९ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी काढावे लागले, तो पूर सगळ्यांच्या लक्षात आहे. पाण्याला वाट अपुरी पडते तेव्हा आपण मोरीचा विचार करतो. रुंद, तळ मोकळा ठेवलेली मोरी पुरालाही हवी असते आणि माशालाही. अभियंत्यांशी बोलताना मी पुराचेच कारण पुढे करते, माशांचे दुसऱ्या वाक्यात.

माझ्या मोरीपुरता एक प्रयोग वाडीवरच्या पोरांनी आणि मी केला. पायरीखाली मोठे धोंडे रचून तीन टप्पे केले, प्रत्येक टप्प्यात परातीएवढे डबके राहील असे. खर्च चहा-वड्यांचा. पहिल्या पुरात एक टप्पा वाहून गेला, तो पुन्हा रचला. त्यानंतर वरच्या बादलीत शिंगटी आली. एक, मग त्याच रात्री आणखी दोन. दांडवण अजून नाही. वाडीशी बोलणे करून एवढे ठरले आहे की टप्प्यांमध्ये जाळे टाकायचे नाही. खालच्या डोहात कुणीही टाकावे. झटकेवाल्यांना वाडीच हाकलते. ते माझ्या शब्दाला भीक घालत नव्हते, आजीच्या शिव्यांना घालतात.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा भाताची कापणी चालू असेल आणि ओढा नितळ झालेला असेल. आता उतरणीचे दिवस. खाचरांतली पिल्ले पाण्याबरोबर खाली नदीकडे सरकतात. दुपारच्या उन्हात मोरीच्या लादीवरून त्यांच्या सावल्या स्पष्ट दिसतात. वाढदिवसाचा तो पांढरा फलक आता कामाला आला आहे. तासाला दहा मिनिटे, गुणिले सहा.